सोमवारचा भोंगा

6 मे 2019, सोमवार. रमजानचा पहिला रोजा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. दुपारी बाराला बाहेर मोठ्याने भोंगा वाजू लागला आणि पडलेल्या अम्मी ताडकन उठून बसल्या. "इफ्तार? आत्ता?"

आमच्या मिरजेत रमजानमध्ये भोंगा म्हणजे सेहरी नाहीतर इफ्तार. रजेवर असलेल्या धाकट्या दिरांनी हसत समजावले. या सपाट मुलखात उन्हाळ्याच्या तोंडावर टोर्नेडो नावाची भोवऱ्यासारखी वादळे येतात. त्यांचा इशारा देणारा हा भोंगा नीट वाजतो की नाही, ते दर सोमवारी बाराला तपासतात. घराखालचे तळघरही त्याच वादळांसाठी. इफ्तारला त्या दिवशी सव्वाआठ वाजून गेले होते. महिना संपता संपता पावणेनऊ होऊ लागले, आणि रोजा जवळजवळ सोळा तासांचा!

आम्ही दोघेही शिक्षक. सुट्टीत मुलांना आजोळी ठेवून गेलो होतो, ते अम्मींना पोहोचवायला. दीर तिथे विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. सेस्ना आणि बीच या विमान कंपन्यांची सुरुवातच या शहरातली. अम्मींनी आता कायमचे आपल्याकडे राहावे, त्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरावा, असे दिरांच्या मनात होते. खरे सांगायचे तर आमच्याही मनात ते अर्धेमुर्धे होते.

सोयी पाहिल्या की मन आणखी तिकडे झुके. नळाला रात्रंदिवस पाणी, तेही थेट पिण्याजोगे. मिरजेत आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड. अम्मी पहिला आठवडाभर सवयीने निजण्याआधी पातेली भरून ठेवत आणि जाऊबाई सकाळी मुकाट्याने ती ओतून देत. शहराच्या मध्यभागी आदल्या वर्षीच उघडलेले मोठे ग्रंथालय होते. आम्ही मास्तर माणसे, तिथून पाय निघेना. बसमध्ये चाकाची खुर्ची सरळ चढवता येते, सायकल पुढच्या बाजूला अडकवता येते. वस्ती चार लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा कमीच. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले व्हिएतनामी दुकानांत मिळे. 1975 नंतर युद्धामुळे देश सोडलेली बरीच कुटुंबे इथे वसली आहेत. लेबनॉनहून आलेले लोक तर त्याहून कितीतरी जुने. त्यामुळे इफ्तारला भज्यांच्या शेजारी हमसची वाटी आली. अम्मींनी ती 'डाळीची चटणी' म्हणून आवडीने खाल्ली.

पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागे. पायी निघालो तर फुटपाथ मध्येच संपे आणि पुढे नुसते गवत. रविवारी शहर बस बंद. दीर आणि जाऊबाई सकाळी सातला कामावर जात. रजा संपल्यावर आम्ही गेलो की अम्मींचा दिवस कसा जाणार, ते आम्हाला दिसत होते. खिडकीतून समोरचे गृहस्थ हिरवळ कापताना दिसत. ते हात हलवत, अम्मीही हलवत. महिनाभरात ओळख तेवढ्यावरच राहिली.

आणि औषधपाणी! पासष्टी ओलांडलेल्या परदेशी माणसाने ग्रीन कार्ड मिळवले, तरी सलग पाच वर्षे तिथे राहिल्याशिवाय वृद्धांसाठीच्या सरकारी मेडिकेअर विम्यात पैसे भरूनही शिरता येत नाही. तोवर सारा भार खासगी विम्यावर. अम्मींना रक्तदाब. सहा महिन्यांच्या गोळ्या आम्ही मिरजेहूनच बांधून नेल्या होत्या.

एका रात्री तरावीहनंतर आम्ही हे सारे दिरांपुढे मांडले. जरा शहाणपणानेच मांडले असावे. ते शांतपणे म्हणाले, "भाभी, मिरजेत तुम्ही दोघेही सातला शाळेत जाता. अम्मी तिथेही एकट्याच असतात ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही शाळेत असताना अम्मींचा दरवाजा उघडतात त्या शेजारच्या खाला. गोळी घेतली का, ते त्याच विचारतात, पाणी आल्याची हाक त्याच देतात. ज्या गोष्टीच्या जोरावर आम्ही बोलत होतो, त्यात आमचे असे काहीच नव्हते. यांनी मान खाली घातली.

अम्मी आतल्या खोलीत जाग्या होत्या, हे आम्हाला सेहरीला कळले. खजुराची बी ताटलीत ठेवून त्या म्हणाल्या, "पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का आहे ना? तेवढे राहते. नातवंडांना उर्दू अक्षरे शिकवते. कागद भरू नका." दीर काहीतरी आणायला म्हणून तळघरात उतरले ते बराच वेळ वर आले नाहीत. जाऊबाईंनी त्यांच्या चहावर बशी झाकली. शेवटी अजानची वेळ झाली, चहा तसाच राहिला.

4 जूनला ईद झाली. शाळा उघडायच्या होत्या, आम्ही परतलो. त्यानंतर दर सोमवारी रात्री साडेदहाला अम्मींचा फोन येई. तिकडे तेव्हा दुपारचे बारा. मागे भोंगा चालू असे आणि त्या मोठ्याने सांगत, "सातवा!" मग खालांना फोन दे म्हणत. आम्ही चप्पल घालून शेजारी जात असू. वादळी हवा असली की तिथे भोंग्याची चाचणी घेत नाहीत, लोकांनी खरा इशारा समजू नये म्हणून. अशा सोमवारीही फोन येई.

"आज आभाळ आलंय, वाजवला नाही मेल्यांनी," अम्मी म्हणत. "पण मी मोजला."