दिल्लीतल्या बाहुल्या आणि माळ्यावरची ट्रंक

मैत्रिणींनो, दिल्लीला गेलात की लाल किल्ला, कुतुबमिनार तुम्ही पाहणारच. पण एक दुपार बाहुल्यांसाठी राखून ठेवा. बहादूरशहा जफर मार्गावर, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांच्या रांगेत नेहरू हाऊस आहे. तिथेच शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम. 2023च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. "बाहुल्या काय बघायच्या?" म्हणून आमचे हे कुरकुरत आले आणि जपानी बाहुल्यांपुढे सर्वांत जास्त वेळ तेच उभे राहिले!

माझं मन मात्र घरच्या माळ्यावर होतं. माझे वडील रेल्वेत होते. जातील तिथून माझ्यासाठी एक बाहुली आणायचे. कोंडापल्लीची दळणारी बाई, चन्नपट्टणचा गोल पोटाचा शिपाई, तंजावरची मान डोलावणारी नर्तकी, सावंतवाडीचा लाकडी बैल. माझं लग्न झालं तरी त्यांचं आणणं थांबलं नाही. 2021 साली बाबा गेले आणि माहेरच्या उरलेल्याही माझ्याकडे आल्या. एकूण 47. दोन खोल्यांच्या घरात ठेवायच्या कुठे? वर्तमानपत्रात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ट्रंकेत कोंबल्या. पावसाळ्यानंतर उघडून पाहते तो नर्तकीची मान निखळलेली, दळणाऱ्या बाईचा हात तुटलेला आणि बैलाच्या पोटाखाली पिवळा भुसा. ट्रंक मिटली ती मिटलीच. पुन्हा उघडायचा धीर होईना.

म्हणूनच म्युझियमची हकीकत ऐकून मला बरं वाटलं. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला एक बाहुली दिली. ती त्यांच्या इतकी मनात भरली की पुढे परदेशी गेले की ते बाहुल्याच आणू लागले. मग गावोगावी प्रदर्शनं. पण दर वेळी बांधाबांध, सोडासोड, आणि त्यात बाहुल्या मोडायच्या! तेव्हा कायमची जागा हवी असं ठरलं आणि 30 नोव्हेंबर 1965 रोजी म्युझियम उघडलं. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचीही अडचण माझ्या ट्रंकेसारखीच होती की!

सुरुवातीच्या हजारभर बाहुल्यांच्या आता 6,000 च्या वर झाल्यात, सुमारे 85 देशांच्या. भिंतीलगत काचेची कपाटंच कपाटं. एका बाजूला युरोप-अमेरिकेकडच्या, दुसऱ्या बाजूला आशिया-आफ्रिकेच्या आणि आपल्या. आपल्याकडच्या नवरा-नवरींच्या जोड्या तर लुगडं कसं नेसवलंय, दागिना कुठला, हे बघत बसावं अशा. माझी मुलगी चटकन म्हणाली, "आई, इथे कुणी कुणाच्या अंगावर पडलेलं नाही." खरंच. आणि कोण कुठली ते लिहिलेलं.

घरी आल्यावर ट्रंक उतरवली. ह्यांच्या जुन्या दाढीच्या ब्रशाने धूळ झाडली. ओलं फडकं मुळीच लावू नका, रंग उठतो. कोंडापल्लीचे कारागीर हातपाय वेगळे कोरून चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोडतात, म्हणून मीही खळच शिजवली. हात बसला, जरा वाकडा. बैलाला मात्र वेगळ्या डब्यात ठेवलंय, त्याची कीड इतरांना नको. वर्तमानपत्राची शाई रंगाला लागते आणि प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते, म्हणून आता जुन्या मलमलच्या धोतराचे तुकडे वापरते. काचेच्या कपाटात एका वेळी 16च मावतात. बाकीच्या मलमलीत. दिवाळीला आणि पाडव्याला अदलाबदल.

चिठ्ठ्या लिहायला मात्र आईला आणून बसवलं. ती एकेक हातात घेऊन सांगत होती, "ही विजयवाड्याची, तू गोवरानं पडली होतीस तेव्हाची." 38 बाहुल्यांची गावं मिळाली. नऊ तिलाही आठवेनात. बाबांबरोबर नोकरीला असलेले काका मे महिन्यात यायचे आहेत, त्यांना दाखवीन. तोवर नऊ चिठ्ठ्या कोऱ्याच ठेवल्यात.