सात गुणांचा विजय

अमेरिकेतल्या फुटबॉलशी माझा संबंध मुलीमुळे आला. ती आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स शहरात राहते. तिथून चाळीसेक किलोमीटरवर आयोवा सिटी हे विद्यापीठाचे गाव आहे. आपल्या वाचकांना ते दिलीप चित्रे यांच्यामुळे ठाऊक असेल. तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात ते सत्तरच्या दशकात होते. तिथल्या सामान्य माणसाला मात्र विद्यापीठ म्हटले की आधी फुटबॉलचा संघ आठवतो.

त्या संघाची एक गंमत होती. संघ जिंकत होता आणि त्याचे चाहते चिडलेले होते. मी मुलीला कारण विचारले. ती म्हणाली, "अब्बा, कोण जिंकलं ते बघू नका. गुण कोणी केले ते बघा."

तेव्हा मी खेळ समजून घेतला. चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा. प्रत्येक संघाकडे अकरा-अकरा जणांच्या दोन वेगळ्या फळ्या असतात. चेंडू आपल्याकडे असला की चढाईची फळी मैदानात उतरते, समोरच्याकडे असला की बचावाची. चढाई करणाऱ्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत जमले नाही तर बहुतेक वेळा चौथ्यात चेंडू लाथेने दूर उडवून समोरच्याच्या हवाली करतात. त्याला पंट म्हणतात.

३ सप्टेंबर २०२२ रोजी आयोवाने साउथ डकोटा स्टेटला ७-३ असे हरवले. या सात गुणांत एकही टचडाउन नव्हता. तीन गुण एका किकचे. उरलेले चार बचाव फळीचे, कारण तिने समोरच्या खेळाडूला त्याच्याच गोलक्षेत्रात दोनदा रोखले आणि प्रत्येक वेळी दोन गुण मिळवले. त्या हंगामात चढाईच्या यार्डांत आयोवा १३१ संघांपैकी १३० वा होता. २०२३ मध्ये तो १३३ पैकी शेवटचा आला. तरीही त्या वर्षी त्याने चौदा सामन्यांपैकी दहा जिंकले! केलेले गुण २१६, दिलेले २०७. सामन्यामागे एक गुणाचासुद्धा फरक नाही.

चढाई का अडली याची कारणे सांगणारे पुष्कळ होते. दुखापती खऱ्याच होत्या. मिशिगनहून आलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघा दुखावून वर्षभरासाठी बाहेर गेला. लूक लाची आणि एरिक ऑल हे चेंडू झेलणारे भरवशाचे गडीही जायबंदी झाले. पण नुसत्या दुखापतींनी उलगडा होत नाही, कारण २०२२ मध्येही स्थिती फारशी वेगळी नव्हती. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पेन स्टेटविरुद्ध संघ ०-३१ असा हरला. त्या सामन्यात त्याला एकूण ७६ यार्ड मिळाले, आणि त्या दिवशी मॅकनमारा खेळत होता.

मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९९९ च्या हंगामापासून तिथे होते. चढाईचा सूत्रधार २०१७ पासून त्यांचा मुलगा ब्रायन. नातेवाइकांबाबतच्या नियमामुळे कागदावर मुलगा वडिलांना नव्हे, क्रीडा संचालकांना जबाबदार होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा पगार पन्नास हजार डॉलरने कमी करून नवी अट घातली गेली, सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि हंगामात सात विजय. त्यात बचावाने मिळवलेले गुणही धरायचे होते. म्हणजे मुलाची परीक्षा आणि दुसऱ्यांनी सोडवलेले पेपरही त्याच्याच खात्यात. तरीही सरासरी १५.४ वर राहिली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, हंगाम चालू असतानाच, हंगामी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी ब्रायन पुढच्या वर्षी नसेल असे जाहीर केले.

मला यात मुलाचा दोष मोठा वाटत नाही. बापाने मुलाला जवळ ठेवले हेही माणसासारखेच झाले. खरी अडचण ही की बचाव इतका उत्तम होता की चढाईचा आजार कोणाला जाणवेना. पंट मारणारा टोरी टेलर, ऑस्ट्रेलियाचा मुलगा, २०२३ मध्ये ४,४७९ यार्ड पंट मारून विक्रम करून गेला. "पंट म्हणजेच विजय" असे छापलेले सदरे चाहते घालू लागले. आपली चढाई फसल्याची खूण लोक अंगावर अभिमानाने मिरवत होते. पुढे २०२४ मध्ये टिम लेस्टर हा बाहेरचा माणूस आला आणि केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड धाव घेतली. हा जॉन्सन आधीही संघातच होता.

हे वाचताना मला आपल्या बैठका आठवत राहिल्या. आपण बचाव उत्तम करतो. आम्ही असे नाही, आम्ही तसे नाही, हे सांगण्यात आपले वक्ते तरबेज आहेत. आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? समोरून चेंडू सारखा येतोच आहे. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा आपली सुमारे चार टक्केच मुले मदरशांत जातात हा आकडा आपण पाठ केला, कारण तो उत्तर देताना कामी येतो. त्याच अहवालात सहा ते चौदा वयाच्या आपल्या मुलांपैकी पंचवीस टक्के मुले शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली, असेही लिहिले होते. तो आकडा किती सभांत ऐकला? तो समोरच्याला द्यायचे उत्तर नव्हता, आपल्याला विचारलेला प्रश्न होता. संस्थांचेही तेच. सेक्रेटरीच्या जागी सेक्रेटरीचा मुलगा बसतो. इमारत शाबूत, जमीन शाबूत, हिशेब चोख, म्हणून निकाल कोणी विचारत नाही. मुलगा वाईट नसतो. त्याला विचारणारा कोणी नसतो.

मुलीच्या गावात एक लहानशी पांढरी मशीद आहे, मदर मॉस्क. मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या मशिदींत ती सर्वांत जुनी. १९३४ साली, महामंदीत, आजच्या लेबनॉन-सीरिया भागातून आलेल्या थोड्याशा कुटुंबांनी ती बांधली. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपणही मराठीत आपले काही उभे करायला जमलो होतो. बचाव सोडा असे मी म्हणत नाही, तो सोडून चालणारही नाही. पण पुढच्या सभेत मला चार टक्क्यांच्या आधी पंचवीस टक्क्यांबद्दल ऐकायचे आहे, आणि तेही आपल्याच माणसाच्या तोंडून.