ओकासानच्या घरात पहिला दिवस

प्रिय चिमे,

पोचले गं, सुखरूप पोचले! कान्साई विमानतळावरून शिन-ओसाका आणि तिथून शिनकान्सेननं पाऊण तासात ओकायामा. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे, पीचमधून जन्मलेल्या गोष्टीतल्या मुलाचा. त्याच्याजवळच, ज्यांच्या घरी मी राहणार आहे ते ओतोसान (म्हणजे बाबा), ओकासान (म्हणजे आई) आणि आजी माझ्या नावाचा कागद धरून उभे. कागदावर चक्क देवनागरी! कुठून तरी बघून, एकेक वळण गिरवून काढलेली. आजी ऐंशीच्या पुढच्या, तरी त्या आल्या होत्या. मला तिथेच भरून आलं.

दारात चपला काढणं आपल्याला काय नवं! इथे मात्र काढलेले बूट वळवून, चवडे दाराकडे करून ठेवायचे. घरात स्लिपर घालायच्या, पण तातामीच्या चटया अंथरलेल्या खोलीत त्याही नाहीत, आणि संडासातल्या स्लिपर संडासातच. मग कचरा. फ्रिजवर महिन्याचं वेळापत्रक चिकटवलंय, जळणारा कुठल्या वारी, बाटल्या-डबे कुठल्या वारी. बाटलीचं झाकण आणि वरचा कागद वेगळा काढायचा, दुधाचा खोका धुऊन, उभा कापून वाळवायचा. ओकासाननी एक खोका स्वतः कापला आणि दुसरा माझ्या हातात दिला.

मी रात्रभर प्रवास करून आलेली, डोळे मिटत होते. तरी सांगते, ते ऐकताना मला फार बरं वाटलं. पुण्यात पीजीत राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींना किती नियम असतात, दहाला फाटक बंद, स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. ते सगळे मुलींना लांब ठेवायला. ओकासान मात्र मला घरात ओढून घेत होत्या. चार दिवसांच्या पाहुण्याला दुधाचा खोका कापायला कोण शिकवतं?

जेवणाची मला खरी धास्ती होती. इथे मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात दाशी नावाचं सार असतं, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं. वरून भाजी दिसते, आत मासा. इथे राहायला येण्याच्या फॉर्मवर मी शाकाहारी एवढंच लिहिलं होतं. ओकासाननी त्यावरून कोंबू नावाचं समुद्रशेवाळ आणि सुकवलेले शिताके अळिंब भिजवून वेगळं दाशी करून ठेवलं होतं. आणि ते माझ्यापुरतं नाही, आज सगळे तेच जेवले.

आता मुख्य गोष्ट. इथे हा ओहिगानचा आठवडा आहे. शरद संपाताच्या आगेमागे लोक पूर्वजांच्या समाधीवर जातात, फुलं ठेवतात. तिकडे तुमचा पितृपक्ष चालू असेल ना? आजींनी सकाळीच ओहागी केले होते. चिकट तांदूळ शिजवून जरा कुटायचा, गोळे करायचे आणि वरून अझुकीच्या, म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यांच्या, गोड पुरणाचा जाड थर. आधी बुत्सुदानात, घरातल्या बुद्धाच्या देव्हाऱ्यात, आजोबांच्या फोटोपुढे ठेवले. आजींनी छोटी घंटा वाजवली आणि मला शेजारी बसायची खूण केली. मी हात जोडले. मग त्यातलाच एक त्यांनी माझ्या ताटलीत वाढला. नैवेद्य दाखवून मग पान वाढायचं, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

रात्री अंघोळ. टबाबाहेर बसक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मगच गरम पाण्याच्या टबात उतरायचं, कारण तेच पाणी सगळ्या घराला. निघताना पाणी सोडायचं नाही, झाकण घालायचं. आज पहिला मान मला मिळाला, आजींनी माझं काही ऐकलं नाही. उद्यापासून माझी पाळी शेवटी, असं ओकासाननी हसत सांगितलं. मला ते पहिल्या मानापेक्षा जास्त आवडलं.

झोपायच्या आधी ओतोसाननी उशाशी टॉर्च ठेवला, दाराजवळची आपत्तीची पिशवी उघडून दाखवली आणि भूकंप झाला तर कुठल्या शाळेत जमायचं ते नकाशावर दाखवलं. या भागाला सूर्यप्रकाशाचा मुलूख म्हणतात, तरी 2018च्या जुलैत जवळच्या कुराशिकीतला माबी भाग पुरात बुडाला होता. ते माझी घाबरगुंडी उडवायला सांगत नव्हते. नकाशावर त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या रंगाचा ठिपका काढला होता.

आपलं सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून केलंय ती कोराकुएन इथलीच, 1700 साली पूर्ण झालेली. उद्या वॉर्ड ऑफिसात माझ्या पत्त्याची नोंद करायची आणि तिथून कोराकुएनला जायचं ठरलंय. मी पुण्यातल्या बागेचे आपले फोटो दाखवले तर आजी त्यातले दगड आणि पूल ओळखायला लागल्या!

एक काम कर. मला आजींना पुरणपोळी करून घालायचीय. हरभऱ्याची डाळ इथे मिळेल की नाही कोण जाणे, तेव्हा अझुकीचं पुरण कणकेत भरलं तर पोळी फुटेल का, ते तुझ्या आईला विचार आणि लगेच कळव. आणि गोडा मसाला पाठवशील ना?

तुझीच,
सुमी