एप्रिल आणि ऑक्टोबर

इंदूरला सांवेर रोडवर आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला. आता मी बघते. चौदा माणसं कामाला आहेत. आपल्या समाजातली बरीच मुलं हल्ली नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करताहेत. भांडवल, जीएसटी यांची त्यांना चांगली माहिती असते. पण पहिला माणूस कामावर ठेवला की आपण मालक होतो, आणि मालकाला लागू होणारे नियम सतत बदलत असतात, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

आमच्या मध्य प्रदेशात किमान वेतनातला महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल, प्रत्येकाचा दर वेगळा. त्यामुळे या दोन महिन्यांत पगारपत्रक नव्याने मांडायचं, हा आमचा नेम.

एप्रिल 2024 मध्ये तर भत्ताच नव्हे, मूळ दरही बऱ्याच वर्षांनी वाढले. आम्ही वाढीव पगार दिला. मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्या वाढीला स्थगिती दिली. म्हणजे पुन्हा जुन्या दराने पगार द्यायला मोकळीक होती. तेव्हा ऑर्डरी कमी होत्या आणि फरक महिन्याला वीस-बावीस हजारांचा. “कोर्टानेच थांबवलंय, आपण का द्यायचं?” असं ह्यांचं म्हणणं. ते चूक नव्हतं. पण आमचे सगळ्यात जुने मशीनमन मला विचारून गेले, “भाभीजी, बढ़ा हुआ पैसा वापस कटेगा क्या?” त्या भरवशावर त्यांनी मुलीला कोचिंग क्लासला घातलं होतं.

दोन रात्री हिशेब केला. नवीन स्टिचिंग मशीन पुढे ढकललं आणि वाढ चालू ठेवली. कायदा किती देणं बंधनकारक आहे ते सांगतो. त्याहून जास्त द्यायला तो कधी अडवत नाही. डिसेंबरमध्ये स्थगिती उठली, तेव्हा आम्हाला पगारपत्रकाला हात लावावा लागला नाही.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या केंद्रीय कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्या आहेत. आपल्यासारख्या लहान मालकांना लगेच भिडणाऱ्या गोष्टी अशा: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. काम सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते.

आम्ही चौदाही जणांना हिंदीत नेमणूकपत्रं दिली. वीस वर्षं काम करणाऱ्या एका मावशींनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, यात माझं नाव पूर्ण लिहिलंय ना?

नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सल्लागार जरूर ठेवा, पण शासनाची अधिसूचना स्वतः एकदा वाचा. बदल कळला की तारखेसह वहीत टिपून ठेवा आणि पगाराच्या आधीच माणसांना सांगा. सल्लागार फॉर्म भरून देतो, पगाराच्या दिवशी “कमी का आले?” याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.