घरातले पाचवे माणूस

आमच्या घरात माणसे चार : आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. पण भांडणे होतात ती पाचव्यावरून! हे पाचवे माणूस जेवत नाही, कामाला जात नाही, तरी त्याचा मान सर्वांहून मोठा. वाचकहो, तुमच्याही घरी ते असेलच. त्याचे नाव मोबाईल.

ते आमच्याकडे आले २०२० साली. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, मी नववीत होते आणि धडे मोबाईलवर येऊ लागले. बाबा दर्यापूरला हमाली करतात. घरची शेळी विकून त्यांनी तो आणला. शाळा पुन्हा उघडल्या, पण पाहुणा काही गेला नाही. आई कापूस वेचून दिवस मावळता घरी येते आणि लगेच चुलीपुढे बसते. तेवढा वेळ चौथीतला भाऊ गप्प राहावा म्हणून मोबाईल त्याच्या हाती जातो. "थो किरकिर करते तं भाकरी थापू का त्याले घेऊन बसू?" हा तिचा प्रश्न. मुलांना पडद्यापासून दूर ठेवा, असे सांगणाऱ्यांच्या घरी भाकरी बहुधा दुसरेच कोणी थापत असावे!

शेजारच्या काकूंचा उपाय सोपा. "घरात मोबाईलच नोको. अन् पोरीच्या हातात तं नोकोच नोको." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कॉलेजच्या सूचना, टिपणे, शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे त्यातच. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बंदी आली की ती आधी मुलीच्या हातावर येते, हे मला कुणी शिकवावे लागत नाही.

बंदीचा मार्ग आपल्या विदर्भातही निघाला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. तेथे सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवायचे ठरले. ही दुसरी रीत मला अधिक भावली. बंदीत मूल गुन्हेगार ठरते. भोंगा मात्र मुलांबरोबर आईबापांसाठीही वाजतो. आपल्या वऱ्हाडाला हे नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना सायंकाळी सुरू झाली की लहानथोर एकाच सतरंजीवर बसत. एकट्याला जड जाणारा नियम चौघांत हलका होतो.

मी घरात हा विषय काढला. भाऊ म्हणाला, "बाबा पाह्यते तं चालते, मंग मलेच काहून नाही?" बाबा म्हणाले, "दिवसभर पोते उचलतो माय, घडीभर पाहू दे न." दोघांचेही खरे होते. वाद बराच चालला. शेवटी बाबांनीच उठून मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवला आणि म्हणाले, "सात ते साडेआठ. कोनीच नाही." माझीही टिपणे साडेआठनंतर, हे ओघानेच आले.

पहिले दोन दिवस घर स्मशानासारखे शांत होते. चौघांना एकमेकांशी काय बोलावे तेच सुचेना! भाऊ भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी आईने त्याला लसूण सोलायला बसवले. मग त्याने आपले पुस्तक काढले आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवू लागला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. "हा धडा मले होता का बा?" असे म्हणत तेही पुस्तकात डोकावतात.

आमचा नियम आठवड्यातून चारपाच दिवसच टिकतो. क्रिकेटचा सामना असला की बाबाच गडबडतात, आणि आई फार थकून आली की कोणी हट्ट धरीत नाही. तरी भोंगा नसलेल्या घरात एवढेही थोडे नाही. मुलाच्या हातातून पडदा काढून घेणे सोपे असते. त्या रिकाम्या हातात काय द्यायचे, हा खरा प्रश्न. आमच्याकडे द्यायला लसूण, पुस्तक आणि थकलेला बाप एवढेच आहे. पुढल्या वर्षी भाऊ पाचवीत जाईल आणि बाबांच्या पुढे निघेल. ते पाऊल बाबांनी त्याच्या शेजारी बसून पाहावे, इतकीच माझी इच्छा आहे.