पश्चिमेच्या काचा

“पाऊस तोंडावर आलाय, आता काचा कशाला पुसायच्या? दोन सरी आल्या की पुन्हा घाण होणार.” मे महिना लागला की मुंबईत काचसफाईचं काम घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला हे ऐकावं लागतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ऑफिसांचे ॲडमिन मॅनेजर म्हणतात, घरमालकही म्हणतात. दोरावर आयुष्य काढलेल्या कारागिराला मात्र पावसाबद्दल अशी तक्रार नसते. हवेतली धूळ घेऊन उतरणाऱ्या पहिल्या एकदोन सरी सोडल्या, तर पावसाचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं आणि त्यात क्षारही जवळपास नसतात. डाग उठतात ते काचेवर आधीच बसलेल्या धुळीमुळे. थेंब पडतो, भोवतालची धूळ गोळा करतो आणि वाळताना तिचं वर्तुळ मागे ठेवतो. पुसलेल्या काचेवर गोळा करायला काही नसतं. म्हणून मेअखेरची सफाई वाया जात नाही. उलट पुढचे चार महिने दोर सोडता येणार नसतो, तेव्हा तिचाच आधार असतो.

मुंबईत काचेला खरा त्रास समुद्राचा. नरिमन पॉइंट, वरळी सीफेस, वांद्र्याचा बँडस्टँड इथे दुपारचा वारा पाण्यावरून येतो आणि बारीक खारे तुषार काचेवर आणून ठेवतो. पाणी उडून जातं, मीठ राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं, आणि किनाऱ्यावरच्या पहाटेला एवढी आर्द्रता नवी नाही. त्यामुळे काच पहाटे ओलसर, चिकट असते. येईल ती धूळ तिला धरून बसते. उन्हं वर आली की त्याचा कडक थर होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आदल्या दिवसाच्या थरावर. अशा काचेवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक रेती घासणं. जाणता कारागीर आधी भरपूर पाणी मारतो, थर सुटेपर्यंत थांबतो, आणि मगच हात लावतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता पाणी ओततोय. पण कामाचा निम्मा गुण त्या थांबण्यात असतो.

अंधेरी पूर्वेला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात मीठ कमी, पण बांधकामाची धूळ उदंड. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने नियमावली काढली आणि ७० मीटरहून उंच बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितलं. सिमेंटची धूळ साध्या मातीपेक्षा वाईट. नव्या काँक्रीटवरून ओघळलेल्या पाण्यात चुना असतो, आणि ते काचेवर वाळत राहिलं तर काचेचा पृष्ठभागच खातं. त्यानंतर उरतो तो मळ नव्हे, काचेची इजा असते. साबणाने ती जात नाही. पॉलिशने गेली तर गेली. ग्राहकाला हे काम संपल्यावर सांगण्यात अर्थ नाही. काम सुरू होण्याआधी त्याला काचेजवळ उभं करून, बोट फिरवून दाखवावं लागतं.

तरीही वरळीच्या आणि अंधेरीच्या इमारतींचे करार एकाच साच्याचे निघतात: तीन महिन्यांतून एकदा, चारही बाजू. हा साचा कागद सांभाळणाऱ्यांच्या सोयीचा आहे, काचेच्या नाही. समुद्राकडची बाजू दर महिन्याला मागते आणि त्याच इमारतीची आतल्या चौकाकडची बाजू सहा महिने तग धरते. पैसे तेवढेच ठेवून फेऱ्या अशा वाटल्या, तर इमारत वर्षभर अधिक स्वच्छ दिसेल.

उन्हाचं गणित वेगळं, आणि ते हातातल्या हत्याराशी जोडलेलं आहे. १९३६ साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये एत्तोरे स्टेक्कोने या इटालियन स्थलांतरिताने पितळी दांडा आणि रबराची पातळ पट्टी असलेल्या हत्याराचं पेटंट घेतलं. आपल्याकडे सगळे त्याला वायपर म्हणतात. हे हत्यार ओल्या काचेवरच चालतं. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची काच इतकी तापते की रबर खालच्या कडेला पोचण्याआधी वरचा साबण वाळून रेघा उमटतात. म्हणून पश्चिमेच्या काचा सकाळी आणि पूर्वेच्या दुपारनंतर घ्यायच्या. ऑफिस बंद म्हणून रविवारीच सगळं उरका, ही मागणी मान्य होऊ शकते. पण कुठल्या बाजूपासून सुरुवात करायची, ते उन्हाला विचारूनच ठरतं.

पाण्याचंही तसंच. सात तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड निघालं आणि ऊन कडक असलं, तर पुसलेल्या काचेवर तासाभरात पांढरे ठिपके उठतात आणि दोष कारागिराच्या हाताला लागतो. क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर बादलीत बुडवायला अर्धं मिनिट लागतं. क्षार जवळपास पूर्ण काढलेलं पाणी लांब दांड्याच्या ब्रशने मारलं, तर ते न पुसताही डाग न ठेवता वाळतं.

पावसाळ्यात फोन येतात ते दुसऱ्याच कारणाने. “काल पुसलेली काच आज धुरकट कशी?” आत एसी १८ वर, बाहेर दमट हवा, गार पडलेल्या काचेच्या बाहेरच्या अंगावर वाफ धरते. ती बोटाने पुसली जाते. पण धुरकटपणा बाहेरून पुसून जात नसेल, आतूनही जात नसेल, तर ओल दुहेरी काचेच्या मधल्या पोकळीत शिरलेली असते. म्हणजे कडेचं सील गेलं आहे आणि ती काच बदलावीच लागणार. हे फोनवर दोन प्रश्नांत कळतं, आणि ग्राहकाचे फेरीचे पैसे वाचवणारा ठेकेदार त्याच्या कायम लक्षात राहतो.

एक काच पावसाच्या भरवशावरच बनवलेली आहे. पिल्किंग्टनने २००१ मध्ये बाजारात आणलेल्या काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. उन्हाने त्यावरचा सेंद्रिय मळ तुटतो आणि पाऊस तो धुऊन नेतो. पण नोव्हेंबर ते मे पाऊस जवळजवळ नसलेल्या शहरात तिच्याकडून बारमाही चमक मागणं, हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि वारा. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला पेट्रोलपंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. वळिवाचं हेच भय असतं: क्षितिज काळवंडतं आणि बघता बघता झोत अंगावर येतो. खाली पान हलत नसताना तिसाव्या मजल्याच्या कोपऱ्यावर वारा माणसाला भिंतीपासून दूर फेकू शकतो, लटकता पाळणा, म्हणजे गोंडोला, काचेवर आपटू शकतो. अमेरिकेतल्या नियमांत वादळात किंवा झोताच्या वाऱ्यात दोरावरून उतरण्याला सरळ मनाई आहे. आपल्याकडे अशा वेळी गच्चीवरून आवाज येतो, “दोनच मजले राहिलेत, उरकून टाका.” हा आग्रह कुणीही धरू नये. वर थांबायचं की खाली यायचं, हे दोरावरच्या माणसाने ठरवावं. रोजंदारीवरचा माणूस मजुरी बुडेल या धास्तीने थांबणार नसेल, तर त्या निर्णयाला काही अर्थ उरत नाही. म्हणून हवामानामुळे थांबलेल्या दिवसाची मजुरी करारात लिहिलेली हवी, आणि ती ग्राहकाने कुरकुर न करता द्यायला हवी. एवढा खर्च काचेच्या इमारतीला जड नाही.

वर्षाची सगळी घाई दिवाळीवर येऊन थांबते. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईतून मान्सून ८ ऑक्टोबरला परततो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. सरासरी तारीख धरली तरी हातात जेमतेम दोन आठवडे. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं आणि महिन्याहून जास्त कोरडे दिवस मिळाले. त्यामुळे कामाची वही भरताना अनुभवी ठेकेदार हवामान खात्याच्या अंदाजाशेजारी पंचांगही उघडून ठेवतो. प्रत्येक ग्राहकाला धनत्रयोदशीच्या आदल्याच दिवशी काचा लखलखीत हव्या असतात, आणि प्रत्येकाला तो दिवस देता येत नाही. तेव्हा तो पूर्वेकडच्या, समुद्रापासून लांबच्या इमारती आधी घेतो, कारण त्यांच्या काचा आठवडाभर टिकतात. परतीच्या पावसाचा गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो, म्हणून उंच मनोऱ्यांचे दोर सकाळी सातला सोडून दुपारच्या आत गुंडाळतो. वरळी आणि वांद्र्याच्या समुद्राकडच्या बाजू सगळ्यांत शेवटी ठेवतो आणि तिथल्या सेक्रेटरींना आधीच कळवतो की त्यांचा नंबर शेवटचा का आहे.