मोजून ओढणारा

गॅरेजात बाकी सगळं हलतं. जॅक सरकतो, ट्रॉल्या फिरतात, चेपलेली गाडीसुद्धा दोन पोरं ढकलत कोपऱ्यात नेऊन लावतात. बेंच तेवढा जागचा हलत नाही. न हलणं हेच त्याचं काम आणि ते तो चोख करतो.

बंगळुरूच्या इंदिरानगरात, शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत त्याचा मुक्काम आहे. पुढच्या रस्त्यावर कॉफीची दुकानं, कपड्यांचे शोरूम, संध्याकाळी हॉटेलांच्या दारांशी नंबर लावून उभी असलेली तरुण मंडळी. मागे वळलं की झाडांची सावली, दोन जुने बंगले, उभ्यानं खायची एक दर्शिनी आणि मग पत्र्याच्या छपराखाली हा. पाचेक मीटर लांब, जाड पोलादाची चौकट. चौकटीवर ठरावीक अंतराने भोकांच्या रांगा. एकाही भोकात ग्रीस-माती साचता कामा नये असा मेस्त्रींचा दंडक. कडेला एक खांब, खांबाला साखळी, साखळीला चिमटा. नवख्या माणसाची नजर आधी त्या खांबावर जाते, कारण ताकद तिथे दिसते: दहा टनांचा हायड्रॉलिक रॅम आहे तो. बेंचचा खरा स्वभाव मात्र खालच्या चौकटीत आहे. एका टोकाला दहा टनांची ओढ लागलेली असताना बाकीचं अंग तसूभरही ढळू द्यायचं नाही, हे ओढण्यापेक्षा कितीतरी कठीण, आणि ते ती चौकट करते.

बंपरवरचा ओरखडा किंवा दाराला आलेला पोचा घेऊन कोणी त्याच्याकडे येत नाही. ते काम टिंकरिंगवाल्याचं. आपण मुंबई-पुण्यात ज्याला डेंटिंग म्हणतो ते. बेंचवर चढते ती सांगाडा ढळलेली गाडी.

सांगाडा म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. ट्रक, जीप, बोलेरो यांना खाली चासी असते, शिडीसारखी स्वतंत्र चौकट, आणि तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली. आपण रोज चालवतो त्या बहुतेक मोटारींना तसली चासी नसतेच. तळ, दारांमधले खांब, छत, इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे गेलेले लांब दांडे, शॉकरचे टॉवर, हे सगळं पातळ पत्र्याचं असतं आणि हजारो ठिकाणी स्पॉट वेल्डिंग करून त्याचं एकच कवच केलेलं असतं. दणकट म्हणून जिची ख्याती होती ती अ‍ॅम्बेसेडर याच जातीची, मुंबईची पद्मिनी टॅक्सीही याच जातीची. अशा अंगावर एका कोपऱ्यात मार बसला की तो त्या कोपऱ्यात थांबत नाही. बाजेची एक दोरी ताणली की सगळी वीण सरकते, तसं होतं. धडक समोरून डावीकडे बसते आणि मागचं उजवं दार नीट लागेनासं होतं. मालक म्हणतो, तिथे तर काहीच लागलं नव्हतं. बेंचला यात नवल वाटत नाही.

या वस्तीत बेंच मला कधी परका वाटला नाही. इंदिरानगरच्या मोठ्या भागाचं कागदोपत्री नावच एचएएल सेकंड स्टेज. ज्या विमान कारखान्याचं हे नाव, तो डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. पुढे 1944 मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी त्या कंपनीच्या. कवचालाच सांगाडा करायची विद्या मोटारींनी विमानांकडून घेतली. 1912 सालचं फ्रेंच देपेरद्युसाँ विमान तिच्या आरंभीच्या वाटेवरचं. म्हणजे विमानं बंगळुरूत आणि बिनचासीच्या मोटारी कुर्ल्यात, दोन्हींच्या मुळाशी एकच सोलापूरकर. त्याच विमान कारखान्यात कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटग्यांनी एचटी-2 हे संपूर्ण धातूचं शिकाऊ विमान रचलं. ते 1951 मध्ये उडालं. घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटलचे विद्यार्थी होते. सुरंजन दास रस्त्यावर त्यांच्या नावाचं सभागृह आहे, इंदिरानगरातून गाडीनं थोड्याच मिनिटांवर. विमानाचं धड बांधतात ते जिगमध्ये: पोलादी चौकट, ठरलेली भोकं, भोकांत बसणाऱ्या पिना, आणि पत्रा त्या पिनांना शरण आल्याखेरीज रिव्हेट मारायचा नाही. आमच्या गल्लीतला बेंच त्याच घराण्यातला. त्याचे भाऊबंद फ्रान्सची सेलेट आणि स्वीडनची कार-ओ-लायनर या कंपन्या वर्षानुवर्षं घडवत आल्या आहेत.

मी पाहत होतो त्या दिवशी त्याच्यावर एक हॅचबॅक होती. रात्री दुभाजकावर गेलेली, डावीकडून. इंजिन, रेडिएटर, पुढची सगळी झूल उतरवून ठेवलेली. दोन्ही दारांखालच्या पट्टीला जी खाली आलेली शिवण असते, तिला चार ठिकाणी बेंचनं शिकंज्यांत धरलं होतं. एवढं झाल्यावर मला वाटलं, आता साखळी लागेल. साखळी भिंतीलाच राहिली. मेस्त्री लांबट, आत-बाहेर होणारा गज घेऊन इंजिनाच्या पोकळीवर वाकले आणि कर्ण मोजू लागले. डाव्या टॉवरपासून उजव्या दांड्याच्या टोकापर्यंत एक, उजव्या टॉवरपासून डाव्या टोकापर्यंत दुसरा. निरोगी गाडीत दोन्ही सारखे येतात. इथे फरक वीस मिलिमीटरच्या पुढे होता. मग खालून उंच्या घेतल्या, मग मधल्या रेषेपासूनची अंतरं. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक भोकाची जागा दिलेली असते, लांबी, रुंदी, उंची अशी तिन्ही अंगांनी. कागदावर आकडे भरत गेले. मेस्त्रींची बोली बंगळुरूची दखनी. मान वर न करता म्हणाले, "नापे बगैर खींचना नै, साब."

मला बेंचचं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर हे. त्याच्या अंगात एवढी ताकद आहे आणि ती वापरायची त्याला घाई नाही.

मग साखळी आली. चिमटा दांड्याच्या टोकाला घट्ट बसला, आणि चिमट्याला दुसरी एक पोलादी दोरी बांधून घेतली. चिमटा निसटला तर तो उडू नये म्हणून. साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, चहावाल्यानंही नाही. ओढ लावायची ती धडकेच्या उलट दिशेनं, आणि जे शेवटी वाकलं ते आधी सोडवायचं. पंप चालू झाला. साखळीच्या कड्या एकेक करून ताठ झाल्या. पत्र्यातून कुरकुर आली, मग एक टण्ण, कुठलीतरी शिवण सैलावल्याचा. तेवढ्यावर मेस्त्रींनी पंप थांबवला आणि ताण तसाच ठेवून, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून सुरकुतीच्या आजूबाजूला हातोडीचे हलके ठोके दिले. वाकलेल्या पोलादाला वाकल्याची सवय लागते. ताणाखाली ठोकलं की ती सुटते. एरवी साखळी ढिली केली की ते पुन्हा मागे जातं. म्हणून हव्या त्या जागेच्या किंचित पुढे ओढायचं, सोडायचं, मोजायचं, पुन्हा ओढायचं. एका दमात सरळ करायला गेलं की वाकलेला भाग तसाच राहतो आणि शेजारचा चांगला भाग फाटतो.

दुपार सरली तेव्हा कर्ण जुळत आले होते. टॉवरच्या खाली बेंचवर त्या मॉडेलचा ब्रॅकेट बोल्टांनी बसवलेला, आणि ब्रॅकेटच्या भोकातून गाडीच्या भोकात पिन जायची होती. पोरानं हातोडी उचलली. मेस्त्रींनी ती काढून घेतली. पिन हातानं जायला हवी. पहिल्या खेपेला अर्ध्यावर अडकली. पुन्हा थोडी ओढ, पुन्हा मोजमाप. दुसऱ्या खेपेला दोन बोटांनी सरकवली आणि गेली. "पिन बोलती," मेस्त्री म्हणाले, "अपन नै बोलना."

इथवर आलेला दांडा मात्र वाचला नाही. बेंच नकारही देतो, आणि त्याचा नकार मला त्याच्या ताकदीपेक्षा मोलाचा वाटतो. नुसता बाक आलेला पत्रा सरळ होतो. धारदार घडी पडली, तर ती उलगडली तरी पत्रा तिथे कडक आणि ठिसूळ झालेला असतो. तो भाग बदलायचा. घडी पडलेला दांडासुद्धा आधी ओढून घेतात तो आजूबाजूचं जागेवर यावं म्हणून, आणि मग कापतात. दारांमधल्या खांबांचं पोलाद तर आणखी मानी. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत हा खांब बोरॉन पोलादाचा असतो: पत्रा नऊशे अंशांच्या आसपास तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. त्यातून पंधराशे मेगापास्कलची ताकद येते, साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. असं पोलाद ओढलं तर तडकतं, गॅसच्या ज्योतीनं तापवलं तर कमावलेली ताकद गमावतं. त्याला दुरुस्ती नाही. जुन्या स्पॉटचे टिपके ड्रिलनं काढायचे, नवा भाग आणायचा, वेल्डिंगच्या आधी बेंचवर पिनांनी जागेवर धरायचा, दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा प्रायमर लावायचा आणि शेवटी पोकळीत मेण फवारायचं. बंगळुरूच्या पावसात मेणाविना राहिलेली पोकळी आतून गंजते, आणि ते बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गॅसची ज्योत आणि हातोडी हीच ज्यांची हत्यारं होती, त्या जुन्या कारागिरांविषयी मला आदर आहे. अ‍ॅम्बेसेडरचा जाड पत्रा लालभडक तापवून नजरेच्या अंदाजानं जागेवर आणणारे हात या शहरात होते, कुर्ल्यात होते, कोल्हापुरात होते. पत्रा बदलला, म्हणून ती रीत आज धोक्याची झाली. मर्सिडीजमधल्या बेला बारेनी या अभियंत्यानं गाडीचं नाक आणि शेपूट ठरवून चुरगळू द्यायचं आणि मधली खोली ताठ ठेवायची ही कल्पना मांडली. 1959 च्या मर्सिडीजमध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. आज पुढच्या दांड्यांवर खाचा पाडलेल्या असतात, कुठे आधी दुमडायचं हे दांड्याला सांगण्यासाठी. आपल्याकडे नव्या मॉडेलांना ऑक्टोबर 2017 पासून ताशी 56 किलोमीटरच्या समोरच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप 2023 मध्ये आलं, त्यात वेग 64. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होणाऱ्या या चाचण्या नव्या, कोऱ्या गाडीवर होतात. त्या गाडीला एकदा मार बसला, दांडा ज्योतीनं मऊ करून ठोकला, खाचा पुट्टीखाली बुजवल्या, की पुढच्या धडकेत ती कशी दुमडेल हे कोणालाच सांगता येणार नाही. एअरबॅग उघडायची की नाही हे काही मिलिसेकंदांत ठरतं, आणि ते ठरवणारा सेन्सर सांगाडा कसा दबतोय यावरच अवलंबून असतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये असंच झालं. एका होंडा फिटचं, म्हणजे आपल्याकडे जॅझ नावानं विकल्या गेलेल्या गाडीचं, छत गॅरेजनं वेल्डिंगऐवजी चिकटवून बसवलं होतं. कंपनीची पद्धत वेल्डिंगची होती. पुढे दुसऱ्याच मालकांच्या हातात त्या गाडीला मोठा अपघात झाला, आतलं जोडपं गंभीर जखमी झालं. 2017 मध्ये डॅलसच्या ज्यूरींनी गॅरेजवर 3 कोटी 15 लाख डॉलरची जबाबदारी टाकली. छत दिसायला झकास होतं. गाडी विकत घेताना त्या दोघांना काहीच कळायचा मार्ग नव्हता. ही गोष्ट वाचल्यापासून रंगाच्या चकाकीवर माझा भरवसा उरलेला नाही.

बेंचचा हिशेब रंगाशी नाहीच. त्याचं काम संपतं तेव्हा गाडी आल्या दिवसापेक्षा कुरूप दिसते: उघडी, घासलेली, प्रायमरच्या करड्या पट्ट्यांची. फिनिशिंग, पेंट, पॉलिश हे पुढच्या लोकांचं. मालकाचा जीव मात्र तिकडे असतो, आणि विम्याच्या सर्व्हेयरचा आकड्यांकडे. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते. म्हणून कधी कधी खर्च खाली ठेवण्याचा दबाव येतो, आणि तो हमखास न दिसणाऱ्या भागावर येतो. नवा दांडा नको, आहे तोच ठोकून घ्या. अशा वेळी मेस्त्री वाद घालत नाहीत. माणसाला बेंचपाशी आणतात आणि न जाणारी पिन दाखवतात.

ती हॅचबॅक घ्यायला मालक आला तेव्हा मी होतो. त्यानं बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटींवरून बोट फिरवलं, रंग उन्हात नेऊन पाहिला, समाधान दिसलं. मेस्त्रींनी त्याच्या हातात कागद दिला. डावीकडे आल्या दिवशीची मापं, उजवीकडे निघताना. कंपनीच्या जागेपासून तीन मिलिमीटरच्या आत सगळं. डाव्या दांड्यासमोर दोन लिहिलेले बघून मालकानं कन्नडमध्ये विचारलं, हे दोन राहिले कसे? मेस्त्रींनी त्याचं बोट धरून उजव्या दांड्याच्या रकान्यावर नेलं. तिथेही एक मिलिमीटर होता, आधी आणि नंतर दोन्हीकडे. त्या बाजूला धडक बसलीच नव्हती. तो कारखान्यातूनच तसा आला होता, आणि तोही बेंचनं मोजून लिहिला होता.